आमची वाटचाल : बाईंच्या कुंडीतला मदनबाण

२००३ साली पुण्यात आंबिल ओढ्याच्या कडेला नर्सरीसाठी अडीच गुंठे जागा भाड्यानं घेतली, तेव्हा आम्ही दोघं होतो. मी आणि माझा मित्र. भांडवल म्हणजे उरुळी कांचनहून टेम्पोभर आणलेली पिशवीतली रोपं, दोन झाऱ्या, एक खुरपं आणि फाल्कन कंपनीचं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. ते सिकेटर आजही माझ्या खिशात असतं. स्प्रिंग तीनदा बदलली, पातं घासून घासून अरुंद झालं, पण मोगऱ्याची काडी अजून एका दाबात, साल न चेंगरता कापतं. कामावरच्या पोरांना मी त्याला हात लावू देत नाही.

धोरण एकच, हंगामी फुलझाडं ठेवायची नाहीत. मोगरा, अनंत, जास्वंद, रातराणी, कृष्णकमळ. एकदा लावलं की वर्षानुवर्षं घरात राहील असाच माल. भागीदाराला ते पटेना. २०११ मध्ये तो वेगळा झाला आणि रस्त्यापलीकडेच दुकान थाटलं. दारात फुलांनी लगडलेले पिटुनिया. लोक फूल बघून घेतात, झाड बघून नाही. मार्चच्या उन्हात त्या कुंड्या करपल्या की तेच गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन विचारणार, "अहो, तुमच्याकडचं तरी टिकेल ना?" तुमच्याकडचं तरी! वर झाडांच्या निगेचा माझ्या हातचा कागद त्यानं झेरॉक्स करून वाटला. मी घाईत 'निंबोळी'वरचा अनुस्वार विसरलो होतो, तोही तसाच.

मधली वर्षं बरी गेली.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कुणी विसरलेलं नाही. ओढा भिंत पाडून आत आला. सकाळी पाहतो तर शेडचे पत्रे पलीकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि मोगऱ्याची मातृझाडं, ज्यांच्यावरून आम्ही दर पावसाळ्यात काड्या घेत होतो, ती मुळासकट गेलेली. रोपं पुन्हा विकत आणता येतात हो, पण पंधरा वर्षं पारखून ठेवलेलं झाड कुठून आणायचं? पंचनाम्यात लिहिलं, 'कुंड्या, अंदाजे'. भागीदाराचं दुकान उंचावर, त्याची एक कुंडी हलली नाही. "ती नर्सरी बंद झाली," असं तो गिऱ्हाइकांना सांगत होता, हे मला त्या गिऱ्हाइकांनीच सांगितलं.

त्याच आठवड्यात बाई रिक्षानं आल्या. निवृत्त शिक्षिका, तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी. २००४ मध्ये माझ्याकडून एक मदनबाण, म्हणजे मोगऱ्याचीच एक जात, नेला होता. ओल्या पंचात गुंडाळून त्याच्याच चाळीस काड्या आणल्या होत्या. म्हणाल्या, "तेव्हा पाच रुपये कमी केले नव्हतेस, लक्षात आहे माझ्या." चाळीसपैकी सव्वीस फुटल्या. आज आमच्याकडे जो मदनबाण मिळतो, तो सगळा त्या सव्वीस काड्यांचा.

दर जानेवारीच्या अखेरीस मी त्यांच्याकडे छाटणीला जातो. मोगऱ्याला आधी आठवडा-दहा दिवस पाण्याचा ताण द्या, म्हणजे पाणी तोडा, मग हात आखडू नका, निम्मं झाड कापा. फूल नव्या फुटव्यावरच येतं. नंतर शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि भरपूर पाणी. दोन वर्षांनी मुळांचा गोळा बाहेर काढून कडेनं दोन बोटं तासायचा, नाहीतर कुंडीत माती उरतच नाही, नुसती मुळं. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठवू नका. अनंताची पानं पिवळी पडली की लोक खत घालत सुटतात. आधी बोअरचं पाणी बंद करून बघा म्हणावं.

यंदा गेलो तर बाईंच्या समोरची जुनी इमारत पाडून बारा मजले उभे राहिलेले. गॅलरीत ऊन जेमतेम दोन तास. मोगऱ्याला पाच-सहा तास तरी हवं. म्हटलं, "बाई, कुंडी गच्चीवर नेऊ."

"आणि संध्याकाळी वास कुणाला? कबुतरांना?"

छाटणी केली, खत घातलं, आणि कुंडी कठड्याकडे हातभर सरकवून आलो.