नळाखाली धरलेला चिमटा

"गाठ काढताना हत्यारं कशातनं घेतली, बघितलंत काय?" बेळगावच्या डॉक्टरांनी आज मामींना विचारलं.

"मी पालथी पडलेली की हो! पण आधी तेवढं बघितलं. जंतुनाशक औषधाच्या ट्रेमधनं चिमटा काढला, नळाखाली धरला, झटकला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पाठीवरची चरबीची गाठ, सुपारीएवढी. खानापुरात काढली, टाके निघाले, जखम मिटलीसुद्धा. महिन्याभरानं तिथंच टणक लाल गाठी आल्या, पू यायला लागला. साध्या अँटिबायोटिकनं ढिम्म फरक नाही. पुवाचा रिपोर्ट? काहीच वाढलं नाही.

वाढणार कसं? डॉक्टरांचा संशय मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम किंवा तसल्याच जंतूवर आहे. हे टीबीच्या जंतूचे भाऊबंद, पण राहतात मातीत आणि नळाच्या पाण्यात. क्लोरीनला फारसे दबत नाहीत. साधं कल्चर, म्हणजे पुवातले जंतू वाढवून बघायची तपासणी, दोन दिवसांत बघून टाकून देतात, यांना दिसायला बऱ्याचदा ३ ते ७ दिवस लागतात, म्हणून लॅबला आधी सांगून ठेवावं लागतं. टीबीच्या नेहमीच्या गोळ्याही यांच्यावर बहुधा चालत नाहीत. ठरलंच तर औषध काही महिने, आणि तेही जंतू तपासून निवडलेलं.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे १२१ अंशांच्या वाफेत, हत्यारं घालायची आणि मग पाणी लावायचं नाही, एवढंच तर होतं! मला रागच आला. मामी मात्र बसमध्ये म्हणतात, "जाऊ दे गं, चांगला माणूस आहे तो खानापूरचा डॉक्टर."

असेलही. पण टेबलावर पडल्या पडल्या "ऑटोक्लेव्ह केलंय काय?" असं तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय?