तुम्ही विचारलेत म्हणून : टोकियोतले सुरुवातीचे दिवस

"जपानी भाषेचे एक अक्षर येत नसताना टोकियोतले सुरुवातीचे दिवस कसे काढलेत?" हा प्रश्न मला अनेक जण विचारतात; त्यातही जोडीदाराच्या नोकरीमुळे इकडे यायला निघालेल्या मैत्रिणी तर हमखास विचारतात. त्यांना भीती भाषेची असते. भाषेने मला फारसे छळले नाही, छळले ते कागदांच्या क्रमाने. इथला प्रत्येक कागद दुसऱ्या एखाद्या कागदाच्या आधाराने मिळतो आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी असतो तुमचा पत्ता.

तीन महिन्यांहून अधिक मुदतीचा व्हिसा घेऊन नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरलेल्या माणसाच्या हाती तिथेच रेसिडेन्स कार्ड पडते. 2012 सालापासून चालू असलेल्या या कार्डावर नाव, फोटो, व्हिसाचा प्रकार आणि मुदत एवढे सगळे असते, फक्त पत्त्याची जागा कोरी असते. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत त्या भागाच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो आणि मग तो कार्डाच्या मागच्या बाजूवर उमटतो. तोवर जवळजवळ सगळेच अडून राहते. मोबाइल कंपनीला पत्ता असलेले कार्ड हवे असते, बँकेला मोबाइल क्रमांक हवा असतो आणि मोबाइल कंपनीला बिल वळते करून घेण्यासाठी बँकेचे खाते किंवा क्रेडिट कार्ड हवे असते. शिवाय सहा महिन्यांपेक्षा कमी वास्तव्य असलेल्या परदेशी माणसाला अनेक बँका खाते देण्यास खळखळ करतात. इथल्याच कार्यालयात नोकरी असेल तर मार्ग सुकर होतो. या फेऱ्यातून बाहेर पडायचे तर पत्त्याची नोंद झाल्याबरोबर, कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, रोख पैसे भरून चालवता येईल असा मोबाइल क्रमांक आधी घ्यावा. तो थोडा महाग पडला तरी पुढची सगळी दारे त्यानेच उघडतात.

आता "कंपनी सगळे बघते" या वाक्याविषयी. निघण्यापूर्वी हे वाक्य मीही पुष्कळदा ऐकले होते, आणि ते खोटे नव्हते. कंपनी तिच्या नोकराचे सगळे बघते. माझ्या नवऱ्याचे बँक खाते, आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाची नोंद, सारे कार्यालयातल्या एका तत्पर बाईंनी उरकले. विम्यात त्याच्या आधाराने माझेही नाव लागले, त्यामुळे दवाखान्यात खर्चाचा 30 टक्के वाटा तेवढा आम्हाला भरावा लागे. पण सोमवारी सकाळी तो तोझाई लाइन या मेट्रोच्या गर्दीत दिसेनासा झाला, की घर, शेजार आणि सरकार हे तिन्ही माझ्या वाट्याला येत. गॅस सुरू करायला माणूस येणार, त्या वेळी भाडेकरूने घरात असणे आवश्यक, म्हणजे मी असणे आवश्यक. भाड्याच्या घरात छताला दिवे आणि खिडक्यांना पडदे पुष्कळदा नसतातच, तेव्हा अंधार पडण्यापूर्वी ते आणणारीही मीच. जी व्यक्ती सोबत म्हणून येते, तिला या देशाशी आधी आणि जास्त बोलावे लागते, हे मला निघताना कोणी सांगितले नव्हते.

घराच्या पैशांविषयी थोडक्यात सांगते. अनामत रकमेखेरीज घरमालकाला द्यायची आणि कधीच परत न मिळणारी एक भेटरक्कम, दलाली आणि हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क असे मिळून सुरुवातीलाच काही महिन्यांचे भाडे हातचे जाते. यूआर या सरकारी संस्थेच्या घरांना भेटरक्कम, दलाली आणि हमीदार यांपैकी काही लागत नाही; इमारती जुन्या असल्या तरी नवख्या माणसाने त्या आधी पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या माणसांना ती हमखास नडते. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडूनच वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव लिहिलेले असते आणि रेसिडेन्स कार्डावर आडनाव, नाव, मधले नाव अशी लांबलचक ओळ जशीच्या तशी उतरते. जपानी माणसाचे काम आडनाव आणि नाव एवढ्यावर भागते. फॉर्मवरच्या चौकटीही तेवढ्याच असतात. शेवटचा शब्द म्हणजेच नाव, असा समज झाल्यामुळे एका दवाखान्यात मला बरेच दिवस नवऱ्याच्या नावाने पुकारत आणि मी निमूटपणे उठून आत जात असे. ते हसण्यावारी नेता येते. परकी नावे इथे काताकाना या जपानी लिपीत लिहितात; बँकेत एक आणि विम्यावर दुसरे अशी नावाची दोन रूपे झाली, तर मात्र पैसे अडकतात. म्हणून वॉर्ड ऑफिसात जाण्यापूर्वीच काताकानातले एक रूप ठरवावे आणि पुढे सगळीकडे तेच लिहावे. तेच नाव घराच्या टपालपेटीवरही लावावे, कारण सरकार प्रत्येक रहिवाशाला देते त्या 12 अंकी वैयक्तिक क्रमांकाची सूचना रजिस्टर टपालाने येते आणि पेटीवर नाव नसेल, तर ते टपाल परत जाण्याची शक्यता असते.

आम्ही राहिलो ते निशी-कासाई, एदोगावा वॉर्डातले. 2000 सालाच्या सुमारास संगणक अभियंते येऊ लागले तेव्हापासून इथे भारतीयांची वस्ती वाढत गेली आणि 2019 साली याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. तूरडाळ, पोहे, हिंगाची डबी यांसाठी वणवण करावी लागत नाही, याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र भारतीय शेजारणींनी सगळे करून दिले, तर वॉर्ड ऑफिसातली खिडकी परकीच राहते. त्या खिडकीवर जपानी येत नसल्याबद्दल मला कोणी कधी झिडकारले नाही. कर्मचारी फॉर्मवर पेन्सिलीने खूण करून कुठे काय लिहायचे ते दाखवत, आणि अगदीच अडले तर फोनवरून दुभाषा जोडून देत.

त्याच खिडकीवर कचऱ्याचे वेळापत्रक आणि पुराचा नकाशा मिळतो. कचऱ्याचा बाऊ लोक उगाच करतात. जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा, प्रत्येकाचा वार ठरलेला असतो, आणि पिशवी सकाळी वेळेत बाहेर ठेवून कावळ्यांनी ती फाडू नये म्हणून तिच्यावर जाळी ओढली की काम झाले. नकाशा मात्र गांभीर्याने वाचावा. एदोगावाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाणीपातळीखाली आहे आणि वॉर्डाने 2019 साली काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर, मोठा पूर येणार असेल तेव्हा इथे थांबू नका, असे स्वतःच्याच रहिवाशांना रोखठोक बजावले होते. इतके सरळ बोलणारे सरकारी कार्यालय मला तरी नवीन होते.

आणखी एक गोष्ट, जी विचारायचे कोणाच्या लक्षात येत नाही. जोडीदाराच्या आधाराने मिळालेल्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पण इमिग्रेशन कार्यालयाची परवानगी घेतली तर आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते. काम हाती नसले, तरी हा अर्ज लवकर करून टाकावा. काम मिळाल्यावर परवानगीसाठी थांबावे लागले, तर समोरचा मालक तेवढा वेळ थांबेलच असे नाही.