बोर्डिंग ते कॉट बेसिस : नाशिकच्या कॉलेज रोडवरून

नाशिकचे मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे नाशिककरांचे सीबीएस, सकाळी सातच्या आत पाहावे. त्या वेळी उतरणाऱ्यांत यात्रेकरू थोडे असतात. पाठीवर सॅक अडकवलेली मुलेमुलीच जास्त. पेठ, दिंडोरी, हरसूल, गिरणारे अशा बाजूंच्या गाड्या एकामागून एक रिकाम्या होतात आणि तो घोळका फारसा न रेंगाळता कॉलेज रोडच्या दिशेने पांगतो. ही रोज ‘अपडाऊन’ करणारी मुले. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोनतृतीयांश सवलत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना तर पास मोफतच मिळतो, आणि त्या पासाच्या जोरावर कित्येक घरांनी मुलीला ‘पुढे शीक’ म्हटले आहे. गाडी चुकली तर दिवसाचे पहिले तास बुडतात, म्हणून या मुलांच्या घरी पहाटे चारलाच दिवा लागतो.

मी कोल्हापूरचा. आमच्या गावात वसतिगृहांची परंपरा इतकी जुनी आहे, की कुठल्याही शहरात गेलो तरी तिथली परगावची मुले कुठे राहतात आणि काय खातात हे पाहण्याची खोड लागली आहे. या खेपेला रामकुंड आणि काळारामाचे दर्शन उरकून घेतले आणि उरलेला सगळा वेळ कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि त्यांच्या मधल्या गल्ल्यांत घालवला.

२०११च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर होती, तेव्हा या शहराला लहान म्हणणे धाडसाचे ठरेल. पण विद्यार्थ्यांचे नाशिक मात्र खरोखरच लहान आहे. अशोक स्तंभापासून गंगापूर रोडने जेहान सर्कलपर्यंत जावे, तिथून कॉलेज रोडने कॅनडा कॉर्नरकडे परतावे, एवढ्या पायी फिरता येण्याजोग्या पट्ट्यात ते जवळजवळ मावते. एचपीटी आर्ट्स आणि आरवायके सायन्स, बीवायके कॉमर्स, केटीएचएम अशी आद्याक्षरांनीच ओळखली जाणारी महाविद्यालये इथलीच. गोखले एज्युकेशन सोसायटीचे एचपीटी १९२४चे. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर तिथलेच विद्यार्थी. केटीएचएम मराठा विद्या प्रसारक समाजाचे, १९६९चे, गोदावरीच्या काठावर वसलेले. येवलेकर मळा, विसे मळा ही आसपासच्या वस्त्यांची नावे ऐकली, की इथे पूर्वी मोटेचे पाणी खेळत असणार हे कोणी सांगावे लागत नाही.

गंमत अशी, की नाशिकमध्ये दोन मोठी राज्यव्यापी विद्यापीठे आहेत आणि या गर्दीशी त्या दोघांचाही संबंध बेताचाच आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि गंगापूर धरणाच्या वाटेवर त्याचा विस्तीर्ण परिसर आहे. पण ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीदच असल्यामुळे त्याचे विद्यार्थी गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आपापल्या घरी असतात. १९९८चे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रोडवर, आणि त्याला संलग्न महाविद्यालये राज्यभर विखुरलेली. कॉलेज रोडवरची पदवीची मुले बहुतांशी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. नाशिकच्या चहाच्या टपऱ्या आणि खोल्यांची भाडी ज्यांच्यावर चालतात, त्या मुलांच्या गुणपत्रिकेवर पुण्याचे नाव असते.

ही मुले येतात तरी कुठून? जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांतून, म्हणजे सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीतून, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातून, आणि धुळे, नंदुरबार, जळगावहून. पाटील लेनच्या एका टपरीवर उभा होतो, तेव्हा शेजारच्या चार मुलांचे बोलणे अर्धेच कळत होते. अहिराणी आमच्या कोल्हापुरी कानाला सवयीची नाही. मेसच्या पाट्यांवरही खान्देश उतरला आहे : शेवभाजी, वांग्याचे भरीत आणि शनिवारी खिचडी. घरापासून दूर आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात अभ्यासक्रमापेक्षा भाजीचा मसाला जास्त छळतो, त्यामुळे जिथे गावाकडची चव मिळते तिथे पोरे आपोआप टिकतात. असा तर्क एका मेसवाल्या काकूंनी मला ऐकवला आणि तो मला पटला.

काकूंची मेस बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. पुढचा हॉल आणि गॅरेज मिळून चार बाके, आणि भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली महिन्याची कार्डे अडकवलेला खिळा. जेवले, की कार्डावरची तारीख खोडायची. गावी जाणार असलात तर आदल्या दिवशी सांगायचे, मग तेवढे ‘खाडे’ धरले जातात. न सांगता गेलात तर जेवण केले असे समजायचे. रविवारी दुपारी गोडाचे आणि संध्याकाळी चूल बंद. या एका नियमाचा शहरावर होणारा परिणाम मी रविवारी सात वाजता पाहिला : वडापावच्या, चायनीजच्या आणि भुर्जीच्या गाड्यांभोवती उभे राहायला जागा नव्हती. नाशिकचा उलटा वडापाव, ज्यात भाजी पावात भरून तो अख्खाच बेसनात बुडवून तळतात, तो एका माणसाच्या रात्रीच्या जेवणाला पुरतो हे मला त्याच दिवशी समजले. मिसळीची ठिकाणे मात्र सकाळची, आणि तिथे आता मोटारीने येणाऱ्यांसाठी वेगळा दर असल्यासारखे भाव झाले आहेत. विद्यार्थी तिथे वाढदिवसापुरते जातात.

काकूंनी सांगितलेली दुसरी गोष्ट मी वहीत टिपून ठेवली. कांद्याचा भाव पडला, की मेसचे पैसे उशिरा येतात. लासलगाव, चांदवड, उमराणे, सटाणा इकडच्या घरांत फी, खोली आणि मेस यांचे पैसे कांदा, टोमॅटो किंवा द्राक्ष विकूनच येतात. त्यामुळे निर्यातीवर बंधने आली, की पुढच्या महिन्यात कॉलेज रोडवरच्या एका काकूंच्या किराणा दुकानातल्या उधारीत ती दिसतात. “पोरगा लाजून जेवायला येत नाही, मग मीच फोन करते,” असे त्या म्हणाल्या. त्यात मायाही होती आणि व्यवहारही होता. दोन्ही एकत्र असण्यात मला काही वावगे दिसत नाही.

आता राहण्याकडे येतो, कारण या सगळ्या भटकंतीत माझे लक्ष तिकडेच होते. गंगापूर रोडला उदाजी महाराज मराठा बोर्डिंगची जुनी वास्तू आहे. धारच्या उदाजीराव महाराजांचे नाव लावणारे हे बोर्डिंग १९१४ पासूनचे, आणि मराठा विद्या प्रसारक समाजाचा आजचा पसारा त्यातूनच उभा राहिला. १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाची कोनशिला बसली. कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली, त्याचीच ही नाशिककडची बाजू. वसतिगृहे जातवार का, असा प्रश्न आज कोणीही सहज विचारतो. त्याचे उत्तर त्या काळच्या शहरांत आहे. खेड्यातून आलेल्या बहुजन किंवा अस्पृश्य मुलाला वाड्यात ओटीवरही जागा मिळत नसे. ज्या शहरात १९३० मध्ये काळारामाच्या दारात उभे राहण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तिथे खोली भाड्याने मिळणे किती कठीण असेल याचा अंदाज करता येतो. जागा मिळत नाही म्हणून समाजाने धान्य गोळा करून, वर्गणी काढून छप्पर उभे केले. मुलगा बोर्डिंगात राहिला म्हणजे कुणाचा तरी झाला, असे ते नाते होते.

आज ते छप्पर बहुतांशी बाजारात मिळते आणि त्याचे एकक कॉट हे आहे. ‘कॉट बेसिसवर मुलांसाठी’, ‘फक्त मुलींसाठी, वायफायसह’ अशा चिठ्ठ्या विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर एकीवर एक डकवलेल्या असतात. एका खोलीत तीन किंवा चार कॉट, एक कपाट दोघांत, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेत. मूळ बंगला दोघा नवराबायकोंसाठी बांधलेला, मुले पुण्याला किंवा परदेशात गेलेली, आणि वरचे दोन मजले भाड्याने. शासनानेही वसतिगृहे पुरेशी बांधण्यापेक्षा पैसे देण्याचा मार्ग धरला आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम् योजना. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाच्या खात्यात रक्कम जमा होते आणि त्याने आपली खोली आपण शोधायची. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, तेव्हा हे धोरण इथल्या मुलांना जवळून माहीत आहे. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या खाणावळींऐवजी जेवणाचे पैसेही थेट खात्यात देण्याचे ठरले, तेव्हा विद्यार्थी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते कोडे वाटले असेल, कारण हातात रोख मिळणे वाईट कसे? पण पैसे वेळेवर आले नाहीत तर ताट थांबते आणि खानावळ असली तर ते थांबत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. माझे मत विचाराल तर शासनाने भाडेकरू तयार करण्यापेक्षा खोल्या बांधाव्यात. कारण पैसे मिळाले तरी खोली मिळेलच असे नाही.

ते मी स्वतः अनुभवले. भाच्यासाठी खोली पाहतो आहे असे सांगून, आणि ते खरेही होते, खांबांवरच्या चिठ्ठ्यांतले नंबर फिरवले. पहिला प्रश्न कॉलेज कोणते हा नव्हता. “आडनाव काय?” हा होता. कुणी तो गोड आवाजात विचारला, कुणी “शाकाहारीच ना?” असा वळसा घेऊन. एकाने सगळे विचारून झाल्यावर खोली नुकतीच गेल्याचे सांगितले. जातवार वसतिगृहांचे दिवस संपले असे आपण समजतो. बोर्डिंगच्या दारावर जातीचे नाव निदान उघड लिहिलेले असे आणि ते आत घेण्यासाठी होते.

घरमालकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतल्याशिवाय निघणे योग्य झाले नसते. थत्तेनगरकडच्या एका सोसायटीतले निवृत्त काका जिन्यात लावलेल्या दुचाक्या मोजून दाखवत होते. रात्री बारा वाजता कुणाचा तरी वाढदिवस असतोच, केक गाड्यांच्या काचांवर जातो, आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायची म्हटली तर वर्षात दोनदा चेहरे बदललेले असतात. “पोरं वाईट नाहीत हो, पण त्यांना हे घर वाटत नाही,” असे ते म्हणाले. घर वाटावे असा करारच नसतो, हे मी त्यांच्यापुढे बोललो नाही.

या खोल्यांत अभ्यास होत नाही, म्हणून अभ्यासिका वाढल्या. १८४०चे सार्वजनिक वाचनालय नाशिकचे भूषण आहेच, पण आता गल्लोगल्ली महिन्याच्या शुल्कावर खुर्ची देणाऱ्या खासगी अभ्यासिका आहेत, आणि तिथे बसणाऱ्यांत पदवी घेऊन झालेली स्पर्धा परीक्षेची मुले पुष्कळ. त्यांचे वय वाढते आणि कॉलेजचे ओळखपत्र संपते, त्यामुळे शहराच्या कोणत्याच हिशेबात ती विद्यार्थी म्हणून धरली जात नाहीत. पोलीस भरतीवाली मुले पहाटे मैदानावर. गोल्फ क्लबचे मैदान, ज्याला आता अनंत कान्हेरे यांचे नाव आहे, तिथे धावणाऱ्या मुलांच्या छात्यांवर अकादम्यांची नावे छापलेले टी-शर्ट असतात. १९०९ मध्ये नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडणारा क्रांतिकारक कान्हेरेही त्यांच्याच वयाचा होता. त्याच शहरात त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, जिथे निवड झालेले उपनिरीक्षक प्रशिक्षण घेतात, त्यामुळे या मुलांना आपले गंतव्य रोज बसमधून दिसते.

मुलींचे चित्र वेगाने बदलते आहे. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने माफ केले. शुल्क गेले, पण खोली आणि मेस राहिली. आणि रात्री नवाच्या आत परतण्याचा नियमही राहिला. एका मुलीने मला सांगितले, की अभ्यासिका दहापर्यंत उघडी असून तिला पावणेनऊला उठावे लागते आणि पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात.

दरम्यान महाविद्यालयेच शहराबाहेर निघाली आहेत. आडगाव, महिरावणी, त्र्यंबक रोड या बाजूंना अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि व्यवस्थापनाची मोठी संकुले झाली, आणि सिटीलिंकच्या बसगाड्या, ज्या २०२१ पासून एसटीऐवजी शहरात धावतात, सकाळी त्या दिशांना भरून जातात. कॉलेज रोडवर त्यामुळे एक विचित्र स्थिती आली आहे. कॅफे, ब्रँडेड कपड्यांची दुकाने आणि सोनारांच्या पेढ्या वाढल्या. रस्त्याचे नाव आणि तारुण्याचा देखावा तसाच राहिला, पण खर्च करणारे आता नोकरदार आहेत. दुकानाचे भाडे परवडेना म्हणून एका झेरॉक्सवाल्याने आपले यंत्र मागच्या बोळात हलवले आहे. सबमिशनच्या आठवड्यात रांग त्या बोळातून मुख्य रस्त्यावर येते आणि कॅफेचा रखवालदार ती बाजूला सरकवतो.

काकूंच्या बंगल्यासाठीही बिल्डरची विचारणा झाली आहे. सात मजले, खाली पार्किंग, त्यांना दोन फ्लॅट. मेसचे काय, असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की फ्लॅटमध्ये मेस चालवू देणार नाही असे बिल्डरने आधीच कळवले आहे. त्यांच्या धाकट्या भावाने आडगावला जागा पाहून ठेवली आहे, कॉट आणि जेवण दोन्ही एकाच छताखाली, आणि मे महिन्यात मुले गावी गेली की हलवाहलव करायचा त्यांचा विचार आहे.