ताईची चिप्सवही

"वाटेत जेवायचं कुठे?" ताईने नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"पबमध्ये."

"आणि राहायचं?"

"पबच्या वरच्या खोल्यांत."

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे या गुत्त्यातून निघायचं आणि त्या गुत्त्यात मुक्काम करायचा, असं चार दिवस. आईला फोनवर काय सांगू?"

आईला आम्ही 'धर्मशाळा' असं सांगितलं. ते अगदीच खोटंही नव्हतं.

ही २०१९ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. ताई सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडमध्ये लीड्सला आली होती. वय ६१, बँकेत आयुष्यभर कॅश सांभाळलेली, रोज पहाटे तासभर चालणारी. मॉल आणि राजवाडे बघून दहा दिवसांत कंटाळली. मला 'डेल्स वे' बरीच वर्षं खुणावत होती. इल्कलीपासून विंडरमिअर तळ्याकाठच्या बोनेसपर्यंत जाणारी ही साधारण ८० मैलांची पायवाट. आम्ही निम्मीच करायची ठरवली, रिबलहेडपर्यंत, कारण तिथे लीड्सची गाडी मिळते. ताई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मीही शाकाहारी, पण मला संध्याकाळी अर्धा पाइंट बियर चालते. ही गोष्ट ताईला ठाऊक आहे आणि तिच्यावर आम्ही बोलत नाही.

पहिला दिवस वार्फ नदीच्या काठाकाठाने. बोल्टनच्या पडक्या मठाशी नदी ओलांडायला दगड मांडलेत. मी दगडांवरून गेले, ताई शेजारच्या पुलावरून गेली आणि माझ्या आधी पोचली. पुढे 'स्ट्रिड' लागतो. चांगली ऐसपैस नदी तिथे खडकांत अशी चिमटते की उडी मारून पलीकडे जाता येईल असं वाटावं. तसं वाटून उड्या मारलेले कित्येक जण परत आले नाहीत. पाणी आडवं मावत नाही म्हणून खाली खोल गेलंय आणि कडा आतून पोखरलेल्या आहेत. ताई दहा पावलांवरूनच म्हणाली, "दिसलं. चल."

तिला खरा धक्का बसला तो शेतांचा. वाट बिनदिक्कत लोकांच्या कुरणांतून जाते. फाटक उघडायचं, आत शिरायचं, फाटक आठवणीने लावायचं, मेंढ्या बघत राहतात. "मालक काही म्हणत नाही?" म्हणत नाही, कारण त्याला म्हणता येत नाही. नकाशावर हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली वाट म्हणजे चालण्याचा सार्वजनिक हक्क. जमीन त्याची, वाट सगळ्यांची. ताईला हे इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस ती प्रत्येक फाटकाशी थांबून कडी दोनदा तपासायची. गवंड्याने चुना न वापरता नुसते दगड रचून बांधलेल्या भिंतींत मात्र काही ठिकाणी फाटक नसतं, फक्त दोन उभ्या दगडांमधली फट असते. माणूस जातो, मेंढी अडकते. अशा एका फटीत ताईची पाठपिशवी अडकली. मी मागून ढकलत होते आणि ती पुढून ओरडत होती, "लाडवांचा डबा आहे त्यात!"

बर्न्सॉलला पोचलो तेव्हा सहा वाजले होते. पाच कमानींचा दगडी पूल, त्याच्याजवळच पब. आत शिरून कोपऱ्यातलं टेबल धरून बसलो. वीस मिनिटं कोणी ढुंकून पाहिलं नाही. अकरा वर्षं या देशात राहून मला माहीत असायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर पबमध्ये मी नेहमी ऑफिसच्या घोळक्यातून गेले, ऑर्डर दुसऱ्याच कोणीतरी दिली. ताईने मात्र त्या वीस मिनिटांत सगळी पद्धत टिपली होती. "इथे कोणी येत नाही. आपण काउंटरवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे तिथेच द्यायचे. आणि रांग दिसत नाही, पण आहे. तो लाल स्वेटरवाला आपल्या आधी आलाय, त्याच्यानंतर आपण." कॅशियरची नजर. उठून तीच गेली आणि स्वतःसाठी लाइम अँड सोडा घेऊन आली. यादीतलं सगळ्यात स्वस्त पेय आपण शोधलं याचा तिला चारही दिवस अभिमान होता.

आता चिप्स. इथे चिप्स म्हणजे वेफर्स नव्हे, बटाट्याच्या गरम तळलेल्या फोडी. शाकाहारी माणसाला वाटतं की काही नाही मिळालं तरी तळलेला बटाटा कुठे जात नाही. पण हे यॉर्कशर. इथे चिप्स गाई-बैलाच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे आणि लोकांना तिचं कौतुकही आहे. चिप्सच्या दुकानांत तर ती सर्रास, काही पबमध्येही. मी हे सहज बोलून गेले आणि ताईने पर्समधून छोटी वही काढली. तेव्हापासून प्रत्येक पबच्या काउंटरवर पहिला प्रश्न तोच: चिप्स कशात तळता? मग ग्रेव्ही कशाची? यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतं का? (असतंच.) एका मुलाला उत्तर येईना, तो आत जाऊन तेलाचा डबाच घेऊन आला. ताईने चष्मा लावून डबा वाचला, वहीत नोंद केली आणि त्याला "गुड बॉय" म्हणाली. तो तिशीचा असेल.

दुसऱ्या दिवशी आमची फजिती झाली. वाटेतल्या एका गावात जेवायचं म्हणून आम्ही ग्रासिंग्टनला काही खाल्लंच नाही. पबच्या दारात पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि स्वयंपाकघर दोनला बंद. पुन्हा सहाला उघडणार. शेगडीवर काहीतरी रटरटताना ऐकू येत होतं, पण बंद म्हणजे बंद. मी जरा आर्जवं केली. काउंटरमागच्या बाईंनी अतिशय गोड हसून खारे दाणे पुढे केले. आम्ही बाहेर भिंतीवर बसून ताईचे लाडू खाल्ले. वर मऊ पाऊस. त्या दिवसापासून आमचं चालणं घड्याळाशी बांधलं गेलं. किती चढ आहे, ऊन आहे की पाऊस, हे सगळं नंतर. आधी पुढच्या पबचं स्वयंपाकघर कधी बंद होतं ते.

केटलवेलच्या संध्याकाळबद्दल लिहू की नको असा विचार करत होते. पण ताईने ही गोष्ट आता सगळ्या नातेवाइकांना सांगितलीच आहे.

तिथे शेकोटीपाशी एक आजोबा बसले होते, पायाशी म्हातारा कुत्रा. मी लांब लाकडी दांड्याच्या पंपाची बियर मागितली ते त्यांना पसंत पडलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. ही बियर तळघरात पिंपात असते, यीस्ट अजून जिवंत असतं, पिंपातच ती थोडी आणखी आंबते. वरून गॅस सोडत नाहीत, दांडा ओढून पाणी उपसावं तशी ती वर आणतात. म्हणून पिंप उघडलं की दोन-चार दिवसांत संपवावं लागतं. ती कोमट नसते, तळघराइतकी गार असते, ११ ते १३ अंश. एखाद्या पंपावरचं नावाचं फळकुट उलटं फिरवलेलं दिसलं तर समजायचं, ती बियर संपली. आणि उत्तरेकडे पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची एक टोपी लावतात, तिने फेस दाट सायीसारखा येतो. दक्षिणेतल्या लोकांना ते पटत नाही, असं सांगताना त्यांनी दक्षिणेकडे कीव केल्यासारखा हात केला.

ताईने विचारलं, "यीस्ट आत आहे तर मग ही गढूळ का नाही?"

बँकेच्या माणसाला नको ते प्रश्न पडतात. आजोबा खूश झाले. गाळ खाली बसावा म्हणून त्यात आयझिंग्लास घालतात. म्हणजे काय? माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला एक चिकट पदार्थ. हल्ली काही जण घालत नाहीत, पण जुनी पद्धत तीच.

शांतता. कुत्र्याने जांभई दिली. ताईने माझ्या ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अकरा वर्षांचे अर्धे अर्धे पाइंट माझ्या डोळ्यांपुढून गेले. ताई काही म्हणाली नाही. तिने वही काढली आणि लिहिलं. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "तुझं पान वेगळं केलंय."

तिसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवला होता, हबरहोमपर्यंत. हबरहोम म्हणजे एक चर्च, एक पूल, एक पब आणि चार घरं. चर्चच्या बाकांवर लाकडात कोरलेले उंदीर आहेत. किलबर्नचे रॉबर्ट थॉम्प्सन आपल्या कामावर सहीऐवजी उंदीर कोरत, ही बाकं त्यांनी १९३४ मध्ये केली. ताई बाकांखाली वाकून वाकून ते शोधत होती आणि मी बाहेर पूल ओलांडून जॉर्ज इनमध्ये खोली मिळवत होते.

जॉर्जमध्ये मेणबत्ती आहे. पब उघडा असेपर्यंत ती जळत ठेवायची. ही इमारत पूर्वी पाद्र्याचं घर होती, आणि मेणबत्ती दिसली की पाद्री घरी आहेत असं गावाने समजायचं, तिथून ही रीत आली म्हणतात. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी इथे चर्चच्या कुरणाचा वर्षभरासाठी लिलाव होतो. मेणबत्ती पेटवायची, शेतकऱ्यांनी बोली लावायची, ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची त्याला कुरण. पाद्री आणि त्यांची मंडळी बसतात ती खोली म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स, शेतकरी बसतात तो बार म्हणजे हाउस ऑफ कॉमन्स. भाड्याचे पैसे गावातल्या गरजूंसाठी.

ताई त्या ज्योतीकडे बराच वेळ बघत बसली. दारात बूट काढायला लागले होते, तेही तिला पसंत होतं. ओले मोजे शेकोटीपुढे वाळत घातलेले. मला वाटलं आता काहीतरी भावुक बोलेल. ती म्हणाली, "सगळे शेवटच्या क्षणाची वाट बघणार. वाऱ्याची झुळूक आली तर वाद होत नाहीत?" आणि मग आवाज खाली आणून, "आईला सांगू या. धर्मशाळाच आहे ही."

चौथा दिवस भोगला. हबरहोम ते रिबलहेड साधारण २० किलोमीटर आणि मध्ये एकही पब नाही. शेतं संपतात, भिंती संपतात, मग जुन्या रोमन रस्त्याने कॅम फेलचा उघडा माळ. आडवा पाऊस. ताई पुढे, मी मागे, चार तासांत आम्ही दहा वाक्यं बोललो असू, त्यातली सहा लाडवांबद्दल.

स्टेशन इनमध्ये शिरलो तेव्हा गाडीला चाळीस मिनिटं होती. ताईने रांग बघितली, आपला नंबर ओळखला, स्वतःसाठी लाइम अँड सोडा आणि मला न विचारता माझ्यासाठी अर्धा पाइंट घेऊन आली. ग्लास माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "मासे सोडून पी." नंतर रिकामे ग्लास स्वतः काउंटरवर नेऊन ठेवले.

गाडीत ती झोपली तेव्हा मी वही उघडली. पबांची नावं, तेल, ग्रेव्ही, पौंड आणि पेन्स, खालती बेरीज. शेवटची नोंद अशी होती: 'रिबलहेड. चिप्स मागवल्या नाहीत, वेळ नव्हता. बाहेर रेल्वेचा पूल. कमानी २४ म्हणतात. १७ दिसल्या, बाकी ढगात.'