सतराव्या वर्षाचं डोहाळजेवण

माझ्या धाकट्या बहिणीचा एक फोटो मी जपून ठेवलाय. हिरवी साडी, फुलांची वाडी, हातात धनुष्यबाण, सातवा महिना. २००८ चा सप्टेंबर, गणपतीचे दिवस. तिचं वय सतरा.

त्याच आठवड्यात, सोलापुरात आमच्या एएनएमच्या (नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या) होस्टेलच्या मेसमध्ये, पेपरात आणखी एका सतरा वर्षांच्या मुलीची बातमी होती. अमेरिकेतल्या अलास्का राज्याच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅक्केन यांनी उपाध्यक्षपदासाठी निवडलं होतं. तीनच दिवसांनी, १ सप्टेंबरला, पेलिन यांची लग्न न झालेली मुलगी ब्रिस्टल पाच महिन्यांची गरोदर असल्याचं घरच्यांनी जाहीर केलं. आईचं धाकटं बाळ खरं तर हिचंच, अशी कुजबुज उठली होती. ती थांबवायला पोरीचं पोट साऱ्या जगापुढे मांडलं. नेत्यांच्या मुलाबाळांना यात ओढू नका, माझी आईही अठराव्या वर्षी आई झाली होती, असं मॅक्केन यांच्याविरुद्ध उभे असलेले बराक ओबामा म्हणाले. विरोधातला माणूस असून म्हणाले, ते मला फार आवडलं.

मेसमध्ये आम्ही पोरी मात्र हळहळत होतो. ‘आईचं लक्ष नको का?’ मीही म्हणाले. आणि रविवारी गावी जाऊन बहिणीची ओटी भरून आले.

तिचं लग्न डिसेंबर २००७ मधलं. बालविवाहाचा नवा कायदा लागू होऊन जेमतेम महिना झाला होता. मांडवात अक्षता टाकायला गावचे पुढारी होते, त्यांनी माइकवर आशीर्वादही दिले. वय कुणी विचारलं नाही. मीही घरात बोलले नाही.

दिवाळीआधी, आठव्या महिन्यात, तिचा बीपी चढला. पायांवर, तोंडावर सूज, हिमोग्लोबिन सात. बाळ सोळाशे ग्रॅमचं. गळ्यात मंगळसूत्र आहे म्हणून कोवळ्या वयाचा बीपी उतरत नाही, हे मी पुस्तकात शिकण्याआधी तिच्या खाटेशेजारी शिकले.

ब्रिस्टलचा मुलगा डिसेंबरात झाला. २००९ च्या फेब्रुवारीत ती टीव्हीवर म्हणाली की लग्नापर्यंत थांबा हे सांगणं वास्तवाला धरून नाही. मेमध्ये एका संस्थेनं तिला कमी वयातलं गरोदरपण रोखण्याच्या मोहिमेचा चेहरा केलं आणि ती मुलींना थांबायलाच सांगू लागली. त्या वर्षी तिला २,६२,५०० डॉलर मिळाले, त्यावरून पुढे टीका झाली. पैशाबद्दल माझी तक्रार नाही, लेकरू सांभाळायचं होतं. पण ‘माझ्यासारखं करू नका’ हे अठरा वर्षांच्या पोरीनं गावोगाव सांगत फिरायचं, याचं मला वाईट वाटतं.

आता मी शहराच्या पूर्व भागात काम करते. मायलेकी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसतात, तिथेच आमच्या किशोरींच्या बैठका. पाळी, लोहाच्या गोळ्या, नको असताना ‘नाही’ म्हणणं, निरोध, सगळं बोलते. आया ऐकतात आणि शेवटी एखादी म्हणतेच, ‘सिस्टर, म्हणून तर लवकर उजवून टाकायचं.’ तिच्या लेखी संकट म्हणजे लग्नाआधीचं पोट, लग्नानंतरचं नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांमागे जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शिवाय अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की पॉक्सोनुसार, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवावंच लागतं, नवरा असला तरी. त्या भीतीनं घरचे तिला लपवतात आणि कळा सुरू झाल्यावरच आणतात. तोवर बीपी कुणी मोजलेला नसतो.

अशा वेळी मी तो फोटो काढते. दाखवण्याआधी बहिणीला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘ताई, दाखव. नाव नको सांगू, गाव नको सांगू. आणि मी चुकले असं नको म्हणू, मला कुणी विचारलं नव्हतं.’ मी अगदी तसंच सांगते.

ते सोळाशे ग्रॅमचं बाळ आता बारावीला आहे, दिवाळीत सतरा पूर्ण झाली. उन्हाळ्यात तिला बार्शीकडचं एक स्थळ आलं होतं. शेती, घर, सगळं चांगलं. बहिणीनं पाहुण्यांना चहा दिला आणि पोरगी अभ्यासाला बसलीय म्हणून तिला बाहेरच बोलावलं नाही.