तेलरंगातला तोरणा

तेलरंग शिकायचे तर ओळखीच्या डोंगरावरच, हे मनाशी पक्कं होतं. म्हणून तोरणा निवडला. पाबे घाटातून वेल्ह्याकडे उतरताना तो नजरेत भरतो. एप्रिलमधल्या एका सकाळी तिथे बसून पेन्सिलीने रेखाटनं केली, फोटो काढले, रंगकाम घरी.

आधी गडद-फिकं ठरवायचं, रंग नंतर. डोळे किलकिले केले की तपशील विरतात आणि छटा तेवढ्या उरतात. मधे हवा आणि धूळ जितकी जास्त, तितकी मागची रांग निळसर नि फिकी. ब्रश उचलण्याआधीच पॅलेटवर अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि टायटॅनियम व्हाइट कालवून लांबच्या, मधल्या आणि जवळच्या डोंगराच्या छटा तयार ठेवल्या. ट्यूबमधला काळा मी घेतच नाही. या निळ्या-तांबड्यातून येणारा करडा आपल्या कातळाला कितीतरी जास्त शोभतो.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला. वरच्या थरांत लिनसीड ऑईल, म्हणजे जवसाचं तेल, वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे त्याला भेगा पडतात. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे दोन थरांमध्ये थांबावंच लागतं, आणि त्या दिवसांत चित्र नुसतं बघत बसणं मला फार आवडू लागलं.

सगळ्यात जास्त वेळ कड्यांनी घेतला. शिकवणीचे बरेच धडे बर्फाच्या टोकदार शिखरांचे असतात. सह्याद्री वेगळा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा दगड बनला, म्हणून कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात: काळा कातळ, वाळकं गवत, पुन्हा कातळ. चपटा ब्रश आडवा ओढून गडद पट्टी, तिच्याखाली येलो ऑकरमध्ये किंचित करडा मिसळून गवत. पट्ट्या एकसारख्या आखल्या तर डोंगराचा जिना होतो. घळी जिथे त्यांना छेदतात तिथे पट्ट्यांच्या कडा फडक्याने पुसून विरवाव्या लागतात. तोरण्याच्या झुंजार माचीची, म्हणजे गडाच्या लांबट सोंडेची, निमुळती धार मात्र स्वच्छ, धारदार ठेवली.

चित्र पुरतं वाळल्यावर द्यायच्या व्हार्निशला अजून सहा महिने तरी आहेत. तोवर राजगड घेतलाय. त्याचा बालेकिल्ला माच्यांच्या वर उठून दिसतो, तेव्हा आधी आकाशरेषा नीट बसवायची आहे.