चढलेला गंधार

रविवार, रात्री उशिरा

बेळगावातून निघालो तेव्हा पाऊस उघडला होता. निपाणी ओलांडली आणि असा काही धरला की वायपर पुरेना. मागच्या सीटवर ताडपत्रीत गुंडाळलेला गिटारचा अ‍ॅम्प, मॅचलेस डीसी-३०, आणि मी मिनिटामिनिटाला मान वळवून बघतोय, कुठून पाणी झिरपत नाही ना. कोल्हापुरात घरी आल्यावर शेजारच्या पोराला हाक मारली. एकट्यानं उचलायचं ते काम नव्हे. दोघांनी मिळून माजघरात आणला, ओली ताडपत्री काढली, कोरड्या पंचानं कोपरे पुसले. आत कुठंही थेंब नाही. मगच जेवायला बसलो.

दुसरा अ‍ॅम्प, टोन किंग इम्पीरियल मार्क टू, शुक्रवारीच पुण्याहून आलाय. दोघंही मालक जुन्या ओळखीतले. आठ दिवस घरी वाजवून बघ, पटेल तो ठेव, म्हणाले. दुसऱ्याची एवढी मोलाची चीज घरात आहे म्हटल्यावर झोप कसली लागतीय!

या महिन्यात भिशी माझी लागली. तीत साठवलेले घातले की एक अ‍ॅम्प बसतो, दोन नाही. पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं, पण स्वतःचा म्हणावा असा अ‍ॅम्प कधी नव्हता. मिळेल त्याच्यावर भागवलं. कधी कीबोर्डवाल्याच्या पेटीत वायर खुपसली, कधी थेट मिक्सरमध्ये. बोटात काय आहे ते लोकांपर्यंत कधी पोचलंच नाही, असं फार वाटतं.

सोमवार

दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. डीसी-३० अमेरिकेतून आलेला, १२० व्होल्टचा. आपल्या २३० वर तसाच लावला तर जळून जाईल. उद्यमनगरात वाइंडिंगच्या दुकानात गेलो. मालकांनी आधी विचारलं, "तिकडं विजेची सायकल सेकंदाला किती?" साठ, म्हटलं. मग त्यांनीच सांगितलं: व्होल्टला सायकलनं भागायचं, तिकडं १२० भागिले ६० म्हणजे २, आणि आपल्याकडं १२० भागिले ५० म्हणजे २.४. अ‍ॅम्पच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर वीस टक्के जादा भार. चालेल, पण तापेल. म्हणून ११० आणि ११५ व्होल्ट मिळतील अशा दोन टॅप, म्हणजे जोडण्या, काढून द्यायचं ठरलं. ५०० व्हीएचा स्टेपडाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, संध्याकाळी मिळाला. हातात घेतला तेव्हा वार्निश अजून कोमट होतं.

इम्पीरियलची ही भानगड नाही, तो २३० चाच आहे. हे लिहून ठेवतोय, कारण निर्णय घेताना असल्या गोष्टी मी सोयीनं विसरतो.

डीसी-३० चालू केला. पुढच्या पट्टीवरचं नाव उजळलं, मागं व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, हळूहळू लाल व्हायला लागले. आबा खुर्ची ओढून मागच्या बाजूला येऊन बसले. वय ८१. डोळे अजून चांगले आहेत. "ईएल-८४ हाय की रं ह्यात," म्हणाले. चार आहेत. आमच्या जुन्या रेडिओग्राममध्ये हीच नळी होती, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची. ती गेली की आबा लक्ष्मीपुरीतून नवी आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, खिशात न ठेवता हातात धरून.

मंगळवार, पहाटे

काल रात्री खिडक्या लावून दोन तास वाजवला. काय सांगू! नुसता मोकळा ई धरला आणि तारा सोडून दिल्या, तर वरच्या पट्टीत स्वरांचं मोहोळ उठलं. मिरजेहून नव्यानं जवारी लावून, म्हणजे घोडीवर तार नेमकी बसवून, आलेला तानपुरा पहिल्यांदा छेडावा, तसं. १९८९ साली लॉस एंजेलिसला ही कंपनी सुरू झाली, ती साठच्या दशकातल्या व्हॉक्स एसी-३० चा आवाज नव्यानं आणि अधिक मजबूत बांधणीत उभा करायचा म्हणून. आत छापील बोर्ड नाही, एक भाग थेट दुसऱ्या भागाला डाख देऊन जोडलेला. आउटपुटकडून मागं फिरवलेला निगेटिव्ह फीडबॅकही नाही, त्यामुळं बोटाचा दाब बदलला की आवाज तिथल्या तिथं बदलतो. हळू छेडलं तर काचेसारखा स्वच्छ, जोरात मारलं तर कडा फुटतात, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या आपल्या हातात.

दुसऱ्या चॅनेलमध्ये, म्हणजे गिटार लावायच्या दुसऱ्या वाटेत, ईएफ-८६ ही पेंटोड जातीची नळी आहे. तो जाड, भरदार. दोन स्पीकरही वेगवेगळे, दोन्ही सेलेस्चन, एक ग्रीनबॅक आणि एक जी-१२-एच. एकाचा मधला भाग पुढं येतो, दुसरा तळ आणि धार सांभाळतो.

मला वाटलं, संपला प्रश्न. इम्पीरियल परत देऊन टाकावा.

मंगळवार, रात्र

संपला नाही. संध्याकाळी लेक क्लासवरून आली, दप्तर ठेवलं आणि दोन्ही कानांवर हात. "बाबा, टोचालंय! कमी करा की."

आवाज मोठा नव्हता. मास्टर व्हॉल्यूम बारीकच होता आणि पॉवरचा खटकाही कमीवर. टोचत होता तो ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक स्वर. मला गोड लागत होता, तिला दाभणासारखा. वरचे स्वर छाटणारं कटचं बटण थोडं फिरवलं. अजून, म्हणाली. अजून फिरवलं. तिनं कानावरचे हात काढले, तोवर माझं मोहोळ पार उठून गेलं होतं.

गेल्या वर्षी कानात सारखं गुंई वाजायचं म्हणून तपासणी केली होती. तो कागद आज कपाटातून काढला. आलेख सरळ चाललाय आणि ४००० हर्ट्झला खड्डा पडलाय. गोंगाटात काम करणाऱ्यांच्या कानात पहिला खड्डा बहुधा इथंच पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवसभर लेथ, रात्री झांजांशेजारी उभं राहणं. गिटारच्या बाराव्या पडद्यावरचा वरचा ई म्हणजे अवघे ६५९ हर्ट्झ. त्याच्या कितीतरी वर जो चकचकाट असतो तो ३०००-४००० च्या आसपासचा, आणि गिटारचा स्पीकर ५००० च्या पुढं फारसं काही देतच नाही. म्हणजे काल रात्री ज्याच्यावर मी जीव ओवाळून टाकला, तो आवाज नेमका माझ्या खड्ड्यातला. मला कमी ऐकू येतं म्हणून मी तो वाढवत होतो आणि लेकीच्या कानाला त्रास देत होतो. फार वाईट वाटलं. तिला जवळ घेऊन सांगितलं, यापुढं ट्रेबलचं बटण तू लावायचं.

बुधवार

आबांना दोन्ही ऐकवले. आबा हवाईयन गिटार वाजवायचे, मांडीवर आडवी घेऊन, स्टीलच्या बारनं. शिवाय तानपुऱ्याच्या जवारीचा त्यांचा कान असा होता की गावातले गाणारे तानपुरा मिरजेला न्यायच्या आधी त्यांना दाखवायला यायचे. घोडीवरचा दोरा केसभर सरकवून ते म्हणायचे, "आता उघडला," आणि खरोखरच उघडलेला असायचा.

डीसी-३० वर मी माझ्याकडचं उत्तमातलं उत्तम वाजवलं. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण जवारी बसल्यागत वाटतीया."

मी गप्प. ज्याला मी उघडी जवारी म्हणत होतो ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. आपल्या कानात आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्या तोंडाशी बारीक स्वर ऐकणाऱ्या पेशी आणि पार आत खर्ज ऐकणाऱ्या. वय होतं तसा झिजतो तो तोंडाचाच भाग. आबांना माणसं दिसतात, बोललेलं कळतं, पण स, श, फ गळून पडतात. कानाचं मशीन आहे, पण ते लावून गाणं ऐकवत नाही म्हणून खणात पडून असतं. इतकी वर्षं मी हे सगळं औषधपाण्याच्या हिशेबात धरत आलो. ज्यांनी मला स्वर लावायला शिकवलं त्यांच्यापुढं आता माझ्या वाजवण्यातलं किती पोचतं, हा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही. आज रात्रभर तोच येतोय.

गुरुवार

लाईट दुपारभर ये-जा करत होती, अ‍ॅम्प लावायचं धाडस केलं नाही. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलंय.

शुक्रवार, रात्री साडेअकरा

जे झालं ते नीट लिहितो.

जेवणं झाल्यावर इम्पीरियल आबांच्या खोलीतच नेऊन ठेवला, पलंगापासून चार हातांवर. याचे ६-व्ही-६ व्हॉल्व्ह दोन, ताकद २० वॅट, बारा इंची स्पीकर एकच. निळ्या-पांढऱ्या रंगाची गोलसर पेटी, जुन्या रेडिओच्या घराण्यातली वाटावी अशी. याला दोन चॅनेल आहेत. एक स्वच्छ, साठच्या दशकातल्या अमेरिकन अ‍ॅम्पच्या वळणाचा. दुसरा त्याहून जुन्या वळणाचा, दाणेदार, आणि त्यावर मिड-बाइट नावाचं एक बटण. ते वाढवलं की खर्ज आटतो आणि मधली पट्टी पुढं येते. दोन्ही चॅनेलना आपापला अ‍ॅटेन्युएटर आहे, म्हणजे व्हॉल्व्ह रंगात येऊन वाजत असले तरी खोलीतला आवाज बोलण्याइतका ठेवता येतो. लेक दाराशी पुस्तक घेऊन बसली होती. ट्रेबल तिनंच लावला.

दुसऱ्या चॅनेलवर मिड-बाइट निम्म्याच्या जरा वर ठेवून बागेश्री धरला. म ध नि ध म ग, म ग रे सा. गंधारावर मध्यमाकडून तार सोडत उतरलो. दुसऱ्यांदा तसाच उतरलो. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. एकदम उजवा हात वर केला.

"थांब. गंधार चढालाय तुझा."

म्हणजे हवा त्याहून वर लागतोय. मी पुन्हा घेतला.

"अजून चढालाय. मध्यमावरनं येताना घाई करतोस. परत घे."

शेवटचं हे वाक्य मी कधी ऐकलं होतं, आठवत नाही. दहा वर्षं तर सहज झाली असतील. या दहा वर्षांत काहीही वाजवलं की "छान" म्हणायचे. मला वाटायचं, आता आपलं वाजवणं खरंच जमलंय. डीसी-३० वरही परवा मी हाच गंधार घेतला होता, चढाच असणार, आणि ते "चांगलं हाय" म्हणून गप्प बसले होते.

पाच वेळा घेतला. पाचव्यांदा त्यांनी हात खाली ठेवला, आणि पलंगाच्या कडेवर उजव्या हाताची बोटं सरकवून दाखवली, बार कसा यायला हवा ते. लेकीनं पुस्तक मिटून ठेवलं होतं.

शनिवार

सकाळी बेळगावला फोन केला. मित्राला सगळं सांगितलं. डीसी-३० सारखा आवाज मी माझ्या हातांनी पुन्हा काढीन की नाही, ठाऊक नाही, हेही सांगितलं. तो एका शब्दानंही नाराज झाला नाही. "पाऊस उघडला की आण, घाई नको," म्हणाला. उद्यमनगरात करून घेतलेला स्टेपडाउन मी त्यालाच देणार आहे. त्याचा जुना फार घूं करतो.

पुण्याच्या मित्राला संध्याकाळी पैसे पाठवले.

डीसी-३० माजघरात अजून उभा आहे. दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा एकदाच लावला, ट्रेबल माझ्या कानाला हवा तेवढा ठेवून, आणि मोकळा ई पार विरून जाईपर्यंत ऐकला. मग बंद केला, व्हॉल्व्ह निवू दिले, ताडपत्री घातली.

आता आबा आतून हाक मारतायत. कालचा गंधार परत घेऊन दाखव म्हणतात.